अठराशे शेहेचाळीस ओळींची साक्ष

अर्ज एका पानाचा होता. "एकच पान हो! तेही पाठकोरं!" असं बेतान्कोर नोटरी पुढे कित्येक महिने भेटेल त्याला सांगत राहिले, आणि समोरचा माणूस माते नावाच्या कडू चहाचं पाणी संपल्याचं निमित्त काढून उठेपर्यंत त्यांनी कोणाला सोडलं नाही.

अर्ज आला होता राजधानीतल्या एका खात्याकडून, मर्सेदेस गावच्या नदीकाठच्या वस्तीतल्या ग्रंथालयाला. सरकारी योजनेतून ग्रंथालयाला एक संगणक मिळाला होता. त्याच्यावर कोणकोणते प्रोग्राम बसवलेले आहेत त्यांची यादी करा, प्रत्येकासमोर त्याचा उपयोग लिहा, तो कोण वापरतं ते लिहा, निरुपयोगी असतील ते काढून टाका, आणि खाली शपथेवर सही करा. सोबत दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत फॅक्सने प्रतिज्ञापत्र पोचलं नाही तर संगणक परत नेण्यात येईल.

दुसरा कोणी अध्यक्ष असता तर त्याने हे काम माते पिता पिता उरकलं असतं. पण ग्रंथालयाचे अध्यक्ष होते वॉशिंग्टन बेतान्कोर, वय चौऱ्याहत्तर, एकेचाळीस वर्षं नोटरी, गेल्याच वर्षी निवृत्त. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय या माणसाने आयुष्यात कशाचीही ग्वाही दिली नव्हती. एकदा एका शेताच्या खरेदीखतात त्रेसष्ट गाई लिहिल्या होत्या, तर हे गाई मोजायला चिखलातून शेतावर गेले. मोजणी चालू असताना एक गाय व्याली. मग वासरू विकणाऱ्याचं की घेणाऱ्याचं यावर दोघांचं जे जुंपलं ते वासराचा बैल होईपर्यंत मिटलं नाही. बेतान्कोर नोटरींना मात्र आपलं काही चुकलं असं आजही वाटत नाही. गाई त्रेसष्टच होत्या, त्यांनी तशी ग्वाही दिली.

"अरे वॉशिंग्टन," त्यांची बायको एल्बिया म्हणाली, "असे हजार अर्ज जात असतील त्यांच्याकडे. कोण वाचत बसलंय? 'सर्व काही ठीक आहे' असं लिही, सही ठोक आणि जेवायला ये."

"एल्बिया, वर 'शपथेवर' असं छापलंय."

"आपल्या लग्नातही शपथ होती. भांडी मी घासेन म्हणाला होतास."

"ते तोंडी होतं," नोटरी म्हणाले, आणि टोपी घालून ग्रंथालयात गेले.

मंगळवार होता आणि दुपारचे चार वाजले होते, म्हणजे संगणकासमोर झुल्माबाई बसलेल्या होत्या. झुल्माबाई एक्याऐंशी वर्षांच्या. तरुणपणी गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तारा जोडायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं. साठीत डोळे गेले. तेव्हापासून रोज चारला त्या भिंतीला हात लावत ग्रंथालयात येतात आणि हल्ली संगणक त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो. त्याचा आवाज पुरुषी, थोडा पत्र्याचा, आणि बोलणं थेट स्पेनमधल्या माणसासारखं. स्पेनहून आलेल्या कोणालाही आमच्याकडे गाशेगो म्हणतात, म्हणून या आवाजालाही सगळे गाशेगोच म्हणत.

गाशेगोला कामाला लावलं होतं मिर्ताने. मिर्ता तीस वर्षं ग्रंथपाल होती आणि झुल्माबाईंची जिवाभावाची मैत्रीण. दोन वर्षांपूर्वी ती गेली. जायच्या आधी तिने गाशेगोला झुल्माबाईंच्या सवयी शिकवून ठेवल्या. झुल्माबाई आधी निधनवार्ता ऐकतात, मग बाकीचं जग. तर प्रत्येक निधनवार्तेनंतर गाशेगो थांबत असे. छातीवर क्रूस काढून "सुटलास बाबा" म्हणून होईल एवढं थांबायचं, मग पुढची. माणसं वाचून दाखवायची तेव्हा इतकं कोणी थांबत नसे, घाई असे सगळ्यांना.

नोटरींनी खात्यात फोन लावला. पलीकडे पीरिसबाई म्हणून एक होत्या. आवाजावरून त्या सकाळपासून हेच उत्तर देत होत्या.

"यादी हाताने करायची नाही, नोटरीसाहेब. काळी खिडकी उघडा. टाइप करा: डोलोरेसचा डी, पायसान्दूचा पी, किलोचा के, गिचोनचा जी. मग जागा सोडा. मग आडवी रेघ, आणि तिला चिकटून लास्कानोचा एल."

नोटरी पेन शोधत होते. झुल्माबाईंनी हात वर केला. "मला पाठ झालं. डोलोरेस, पायसान्दू, किलो, गिचोन, जागा, रेघ, लास्कानो. बाईंना म्हणावं, लाईन सोडली तरी चालेल."

काळ्या खिडकीत सहा अक्षरंही धड नाहीत एवढा हुकूम गेला आणि पडद्यावर ओळींचा पूर लोटला. वर, वर, वर, थांबायचं नाव नाही. त्याच वेळी गाशेगो जागा झाला आणि समोर येईल ते वाचायला लागला. प्रत्येक ओळीच्या आरंभी तीच दोन अक्षरं होती. "ई, ई," गाशेगो म्हणाला. "ई, ई. ई, ई."

"काय रे हे," झुल्माबाई म्हणाल्या. "याला उचकी लागली का?"

शेवटी ओळी थांबल्या. होत्या अठराशे शेहेचाळीस.

नोटरी खुर्चीत बसले. त्यांना वाटलं होतं, असतील पंधरा-वीस. पत्र लिहायचा एक, चित्रं पाहायचा एक, एबेर खाटीक पत्ते खेळतो तो एक. आणि इथे निम्म्या मर्सेदेसला पुरतील इतके रहिवासी निघाले, ग्रंथालयाच्या एका पेटीत, इतकी वर्षं, कोणाला पत्ता नाही. अध्यक्षाला तरी कळवायला हवं होतं, असं त्यांना वाटून गेलं.

बुधवारी सकाळी यादी छापली, तर नावं अर्धवट. खिडकी अरुंद होती म्हणून यंत्राने लांब नावांच्या शेपट्या कापल्या होत्या. आता अर्ध्या नावाच्या इसमाची ग्वाही जगात कुठला नोटरी देतो? त्यांनी खिडकी ओढून रुंद केली. नावं पूर्ण आली, पण मग ती कागदावर मावेनात. अक्षर बारीक केलं तेव्हा मावली, पण आता ती वाचायला एल्बियाचं शिवणकामाचं भिंग आणावं लागलं. बावन्न पानं झाली. नोटरींनी सवयीने प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आद्याक्षरं घातली. चौतिसाव्या पानावर हाताला कळ लागली तेव्हा त्यांना आठवलं की अजून वाचायला सुरुवातच केलेली नाही.

निम्म्याहून जास्त नावांचा आरंभ 'लिब' असा होता. झुल्माबाईंना ते सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "टेलिफोनच्या पुस्तकात रोद्रिगेस असतात तसे असतील," त्या म्हणाल्या. नोटरींनी पुन्हा फोन लावला. पीरिसबाई म्हणाल्या, ती ग्रंथालयं आहेत, बाकीचे प्रोग्राम लागेल ते त्यांच्याकडून उसनं नेतात.

"म्हणजे माझ्या ग्रंथालयात हजारावर ग्रंथालयं आहेत?"

"असंच म्हणा."

"आणि आमच्या एका ग्रंथालयाचं छप्पर दुरुस्त करा म्हणून मी सहा वर्षं अर्ज करतोय!"

छप्पर पीरिसबाईंच्या टेबलावर येत नव्हतं. त्यांनी दोन अक्षरांचा अर्थ मात्र नीट समजावला. पहिलं अक्षर म्हणजे काय असावं अशी इच्छा होती ते, आणि दुसरं म्हणजे प्रत्यक्षात काय आहे ते. दोन्ही जुळली की प्रोग्राम जागेवर आहे. 'आर' आणि 'सी' अशी जोडी दिसली तर समजायचं, प्रोग्राम काढलाय पण त्याचे कागद मागे राहिलेत. "काढाल तेव्हा समूळ काढा, नोटरीसाहेब. त्याचा हुकूम वेगळा आहे. कागदांसकट जातं सगळं. यादी स्वच्छ दिसते."

"काढायचं ते काढीन," नोटरी म्हणाले. "पण मागे राहिलेले कागद मी नष्ट करत नाही. एकेचाळीस वर्षांत केलेले नाहीत. माणूस गेला तरी कागद ठेवायचे असतात."

"तो माणूस नाही हो, प्रोग्राम आहे."

"कागद माणसाचे की कोणाचे हे कागदाला ठाऊक नसतं, बाई."

रात्री जेवताना त्यांनी एल्बियाला ती दोन अक्षरांची गंमत सांगितली: एक इच्छा, एक वस्तुस्थिती. "आपल्या लग्नाच्या दाखल्यावर अशी सोय हवी होती," ती म्हणाली, आणि त्यांच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

गुरुवारी दहाला समितीची सभा भरली. समिती म्हणजे अध्यक्ष, शिवाय उपाध्यक्ष एबेर खाटीक आणि चिटणीस निबिया. निबियाचं केस कापायचं दुकान ग्रंथालयाला लागूनच आहे. नोटरींनी बावन्न पानं टेबलावर ठेवली आणि सांगितलं की प्रत्येक प्रोग्रामसाठी कोणीतरी उभं राहिलं पाहिजे. ज्याच्यासाठी कोणी उभं राहणार नाही तो निरुपयोगी.

"नोटरीसाहेब, माझं ऐका," एबेर म्हणाला. "आरोग्य खात्याचा कागद माझ्याकडे वीस वर्षं येतो. मी लिहितो, 'सर्व काही ठीक'. आजवर कोणी आलं? कोणी नाही. दरवर्षी नाताळात एक डुकराचं पिल्लू पाठवतो, बस."

"आणि सर्व काही ठीक असतं?"

एबेर छताकडे पाहायला लागला. छतावर ओल होती.

मग काम सुरू झालं, आणि कोणाला अपेक्षा नव्हती इतकं ते रंगलं. ग्रंथालयं सगळी नोटरींनी घेतली. अध्यक्षांकडे ग्रंथालय असणं रीतसरच होतं. पत्ते, सुरुंग आणि ठोकळ्यांचे खेळ एबेरने छातीवर हात ठेवून स्वीकारले. निबियाच्या वाट्याला जगातल्या लिप्या आल्या. अरबी, थाई, जॉर्जियन, आणखी कुठकुठल्या. मर्सेदेसमध्ये थाई वाचणारं कोणी नाही हे एबेरने दाखवून दिलं. "उद्या कोणी आलं तर?" निबिया म्हणाली. "बिचारा इतक्या लांबून यायचा आणि त्याची अक्षरंच आपल्याकडे नाहीत, हे बरं दिसतं?" 'वापरणाऱ्याचं नाव' या रकान्यात नोटरींनी 'संभाव्य पाहुणा' असं लिहिलं. ते खरंच होतं.

मध्ये एल्बियाचा निरोप आला. आज एकोणतीस तारीख आहे, रीतीप्रमाणे बटाट्याच्या न्योकी केल्यात, बरकतीसाठी ताटाखाली नाणंही ठेवलंय, निवल्या तर मला बोलू नकोस. नोटरींनी "येतोच" म्हणून कळवलं, आणि गेले नाहीत.

दीडच्या सुमाराला नऊ ओळी उरल्या. त्यांना कोणी वाली नव्हता. त्यातल्या एकीचं नाव लांबलचक, इंग्रजी, मध्ये आडवी रेघ. पुढे त्याचं वर्णन होतं, तेही इंग्रजीत. निबियाने दोन उन्हाळे किनाऱ्यावरच्या हॉटेलात परदेशी बायकांचे केस धुतले होते, म्हणून ती इंग्रजीची जाणकार.

"पहिला शब्द आहे 'सामान्य'," ती भिंगातून पाहत म्हणाली. "सामान्य काहीतरी. पुढचं नाही येत."

"सामान्य आपल्याकडे भरपूर आहे," एबेर म्हणाला. "काढा."

नोटरींनी हुकूम दिला. यंत्राने लगेच काढलं नाही. हे त्यांनी पुढे स्वतःच्या विरुद्ध प्रत्येक वेळी प्रामाणिकपणे सांगितलं. यंत्राने आधी विचारलं. यासोबत आणखी एक प्रोग्राम जाईल, त्याचं नाव ओर्का, चालेल का? हो किंवा नाही.

"ओर्का म्हणजे देवमासा," निबिया म्हणाली.

"आपल्याकडे नदी आहे. देवमाशाचं इथे काय काम?" एबेर म्हणाला.

तिघेही हसले, भूकही लागली होती, न्योकी निवत होत्या. नोटरींनी 'हो' दाबलं. समूळ नष्ट करायचा हुकूम मात्र त्यांनी दिला नाही. एबेरने आग्रह केला, यादीच्या खाली नऊ-दहा घाणेरड्या ओळी 'आर-सी, आर-सी' करत राहतील म्हणाला, पण नोटरी बधले नाहीत. गाशेगो म्हणजे या यादीतलं कोणी असेल हे तिघांच्याही मनात आलं नव्हतं. गाशेगो संगणकात असतो, किटलीत वाफ असते तसा. त्याला कोणी बसवलेलं असेल, त्याला नाव असेल, असा विचार कोण करतं?

चार वाजता झुल्माबाई आल्या. खुर्ची चाचपली, बसल्या, नेहमीचं बटण दाबलं. थोडं थांबल्या. पुन्हा दाबलं. मग बोटांनी सगळ्या बटणांवरून एकदा हात फिरवला, आपण चुकून दुसऱ्याच्या घरात तर शिरलो नाही ना हे पाहावं तसा, आणि तिसऱ्यांदा दाबलं.

"लाईन गेली वाटतं," त्या म्हणाल्या.

नोटरी त्यांच्या मागेच उभे होते. पडदा नीट होता, दिवा होता, वर्तमानपत्र उघडलेलं होतं, निधनवार्ता समोर दिसत होत्या. फक्त आवाज नव्हता. आणि मग त्यांना देवमासा आठवला.

एकेचाळीस वर्षांत त्यांनी पुष्कळांना वाईट बातम्या दिल्या होत्या. वाटणीत तुमचं नाव नाही, मृत्युपत्र बदललंय, घर गहाण होतं. त्या त्यांना देता येत. "झुल्माबाई," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य सापडेना. "मीच काढला त्याला. मला माहीत नव्हतं तोच तो आहे. यंत्राने विचारलं होतं. मी हो म्हणालो."

झुल्माबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले. "मिर्ताने त्याला किती दिवस शिकवलं होतं, ठाऊक आहे?" त्या हळू म्हणाल्या. "थांबायला शिकवणं फार अवघड गेलं तिला. ती आजारीच होती तेव्हा. 'झुल्मा, आता क्रूस काढ, मोजते मी,' म्हणायची, आणि घड्याळ धरायची. मला वाटायचं, ती गेली तरी हे राहील."

मग त्या रडल्या. आवाज न करता, बाहीला डोळे पुसत. दारात निबिया उभी होती, हातात कात्री घेऊन. ती परत दुकानात गेली आणि तिने एका बाईचे केस ठरल्यापेक्षा चार बोटं जास्त कापले.

नोटरींनी फोन लावला. पीरिसबाई घरी जायच्या तयारीत होत्या, पण या माणसाचा आवाज ऐकून त्या पुन्हा बसल्या असाव्यात.

"कसा काढलात? नुसता, की समूळ?"

"नुसता."

"ते लांबलचक नाव म्हणजे आवाज, आणि देवमासा पडद्यावरचं त्याच्या तोंडी देतो. यादी काढा पुन्हा. आवाजाच्या ओळीपुढे काय आहे?"

नोटरींनी सहा अक्षरंही धड नाहीत असा तो हुकूम दिला. आता तो त्यांना पाठ होता. भिंग पडद्यावर धरून त्यांनी ओळ शोधली.

"आर. सी."

"मग कागद आहेत," पीरिसबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच माणसासारखा वाटला. "त्याच्या सवयी त्याच कागदांत असतात. परत बसवा. तो आला की आपले कागद ओळखेल. समूळ काढला असतात तर नवाच आला असता, काही माहीत नसलेला."

परत बसवायला पन्नास मिनिटं लागली. पावसाळी हवेत आमच्याकडची जोडणी एवढीच चालते. नोटरींनी नुसता गाशेगो आणि देवमासाच नाही, उरलेले आठही परत आणले. कोणाचे कोण होते ते त्यांना ठाऊक नव्हतं. आता काढून बघायची हिंमत नव्हती. एबेर दुकान अर्धं बंद करून आला आणि त्याने सगळ्यांना माते भरून दिलं. दोन वेळा जोडणी तुटली तेव्हा तो उठून छपरावरच्या तारेला शिव्या देऊन आला.

साडेपाचच्या सुमाराला झुल्माबाईंनी बटण दाबलं. गाशेगो बोलला. पहिली निधनवार्ता होती डोलोरेस गावच्या एका शिंप्याची. ती संपली आणि खोलीत शांतता पडली. झुल्माबाईंनी सावकाश क्रूस काढला. "सुटलास बाबा," त्या म्हणाल्या. आणि मग, त्याच्या क्षणभर नंतर, गाशेगोने दुसरी सुरू केली.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण उद्या बारापर्यंत प्रतिज्ञापत्र पोचायचं होतं, आणि नोटरी आता त्यावर सही करायला तयार नव्हते.

"उपयोग काय ते मी शपथेवर कसं लिहू?" ते म्हणाले. "दुपारी मी याला निरुपयोगी ठरवलं होतं, आणि त्यावर शपथ घेणार होतो. कोणास ठाऊक या अठराशे ओळींत अजून कोणकोण कोणासाठी बसलंय."

"मग लिहूच नका," एबेर म्हणाला.

"लिहिलं नाही तर संगणक जाईल. संगणक गेला तर हा जाईल." त्यांनी गाशेगोकडे बोट दाखवलं. तो तिकडे हवामान सांगत होता.

साक्षीदारांचीही पंचाईत झाली. एबेर तयार होता, तो कशावरही सही करायला नेहमीच तयार असतो. पण निबिया दारातूनच म्हणाली, "मी 'सामान्य' म्हणाले, आणि काय झालं पाहिलंत ना. मी पुन्हा कशावर सही करणार नाही. पोस्टाच्या पावतीवरसुद्धा." एल्बिया बायको, म्हणजे बाद. दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी राहिली.

झुल्माबाईंनी गाशेगोला थांबवलं. "तीस वर्षं मी तारा जोडल्या," त्या म्हणाल्या. "दिवसाला चारशे. त्यातल्या एकाचाही चेहरा मी पाहिला नाही, आणि तुझं काय काम आहे हेही कोणाला विचारलं नाही. पलीकडे कोणी आहे की नाही एवढं ऐकायचं, आणि जोडायचं. माझं नाव घाल, वॉशिंग्टन."

एबेर खाकरला. खाटीक असला तरी एवढं त्यालाही माहीत होतं. "नोटरीसाहेब, ते... चालतं का? म्हणजे, कायद्याने?"

चालत नव्हतं. आंधळ्या माणसाची साक्ष नोटरींनी एकेचाळीस वर्षांत कधी घेतली नव्हती, आणि हे या खोलीत त्यांच्याइतकंच झुल्माबाईंना ठाऊक होतं. मिर्ताचं मृत्युपत्र झालं तेव्हा झुल्माबाई तिचा हात धरून पलंगावर बसल्या होत्या. साक्षीदार लागला, तशा त्या म्हणाल्या, मी आहे की. नोटरींनी नियम समजावून सांगितला होता, फार सौजन्याने. "बाई, जे पाहिलं नाही त्याची साक्ष होत नाही. आपण जरा बाहेर बसाल का?" मग शेजारच्या घरी नळ दुरुस्त करणाऱ्या माणसाला बोलावलं, आणि त्याने मिर्ताकडे न पाहता सही केली. झुल्माबाई पडवीत बसून राहिल्या. तो विषय त्यांनी नंतर कधी काढला नाही. आताही काढला नाही. फक्त विचारलं, "या वेळी मी आत बसू की बाहेर?"

नोटरींना त्या नळवाल्याचं नावही आठवेना. "आत," ते म्हणाले. "इथे, माझ्या शेजारी."

पण एक नियम त्यांनी सोडला नाही. सही होण्याआधी दस्तऐवज साक्षीदाराला मोठ्याने, अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवायचा असतो. एबेरने बावन्न पानांकडे पाहिलं. "गाशेगोला सांगा वाचायला. दहा मिनिटांत उरकेल."

"तो कसा वाचेल?" झुल्माबाई म्हणाल्या. "त्याचं स्वतःचं नाव आहे त्यात. स्वतःच्याच दस्तऐवजात तो वाचणारा चालतो का, वॉशिंग्टन?"

"नाही चालत," नोटरी म्हणाले, आणि त्यांनी भिंग उचललं.

त्या संध्याकाळी सातपर्यंत ते वाचत होते, आणि शुक्रवारी सकाळी सातला पुन्हा बसले. एल्बियाने निवलेल्या न्योकी तळून डब्यात दिल्या होत्या, त्या एबेरने खाल्ल्या. प्रत्येक नावानंतर नोटरी थांबत. झुल्माबाई म्हणत, "आहे." मग नोटरी ज्याला वाली होता त्याचा उपयोग लिहीत, आणि ज्याला नव्हता तिथे लिहीत, 'उपयोग ठाऊक नाही. काढून पाहिल्यास कळेल, काढणार नाही.' लिब, लिब, लिब. आहे, आहे, आहे. घाईने वाचलं की झुल्माबाई टेबलावर बोट वाजवत, आणि नोटरी मुकाट्याने सावकाश होत. आपण आयुष्यभर फार भरभर वाचत आलो असं त्यांना त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं.

दहा वाजून गेले. ओळ सोळाशे बारावर ते लांबलचक इंग्रजी नाव आलं, मध्ये आडवी रेघ असलेलं. नोटरींनी ते कसंबसं उच्चारलं आणि थांबले. या वेळी 'आहे' आलं नाही.

"हा कोण?" झुल्माबाईंनी विचारलं.

"हाच तो. गाशेगो."

एबेरने घड्याळाकडे पाहिलं. नोटरींनी लेखणी कागदावर टेकवली. "साक्षीदाराने याला पाहिलंय असं लिहू?" त्यांनी विचारलं, कारण नमुन्यात तसंच छापलेलं होतं.

"पाहिलं नाही," झुल्माबाई म्हणाल्या. "ऐकलंय. तसं लिही."

नोटरींनी छापलेला शब्द खोडला, बाजूला आद्याक्षरं घातली, आणि तसं लिहिलं.